हद्द आणि वहिवाट

विवाहाचा वाढदिवस साजरा करण्याची रीत आमच्या वडिलांच्या पिढीत नव्हती, आमच्या तारुण्यात ती सुखवस्तू घरांतून हळूहळू शिरकाव करू लागली होती, आणि मुलांच्या पिढीने तर तिला आता असे काही धर्मकृत्याचे स्वरूप दिले आहे की, आमच्या विवाहाला चाळीस वर्षे पुरी होण्याचा योग जवळ आला तेव्हा 'तुम्ही दोघे कुठे जाणार' हा तगादा घरात रोज सकाळी चहाबरोबर सुरू झाला. चिरंजीवांनी सिंगापूर सुचविले, सूनबाईंनी केरळ. सौभाग्यवतींनी मात्र मेथी निवडता निवडता, मान वर न करता, निकाल देऊन टाकला.

"मला बेळगाव आणि हुबळी-धारवाड पाहायचे आहे."

"पाहायचे आहे?" मी म्हणालो. "धारवाड तुझे माहेर. शाळा तिथे, कॉलेज तिथे. आता आणखी काय पाहायचे राहिले?"

"माहेरी गेलेल्या बाईला गाव दिसते होय? स्वयंपाकघर दिसते, कुणाचे तरी आजारपण दिसते, मंगलकार्यातली उष्टीखरकटी दिसतात. लग्नानंतर त्या गावात दोन घटका मोकळेपणी हिंडायचे म्हटले तर ते कधी जमलेले नाही. आणि बेळगावची म्हणाल तर माझी ओळख बसस्थानकापुरती."

माझी हरकत धारवाडला नव्हती, बेळगावला होती. आणि तीही बेळगावला जाण्याला नव्हे, सहलीला जाण्याला. उभी हयात मी कोल्हापूर जिल्ह्यात महसूल खात्याची चाकरी केली. मोजणीच्या तक्रारी, बांधावरची भांडणे, हद्दीच्या दगडांची रुजुवात आणि फेरफाराच्या नोंदी यांत माझे केस पिकले. आणि त्या चाकरीने एवढे एक ज्ञान मला खात्रीलायक दिले की, ज्या जमिनीवर आपला दावा चालू आहे तिच्यावर प्रतिवादीच्या मेहेरबानीने हुरडा खायला जाऊ नये, कारण उद्या तोच हुरडा कोर्टात आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहतो. हे मी तिला ऐकविले.

"हुरडा नको असेल तर कुंदा खा," असे म्हणून ती मेथी घेऊन आत गेली, आणि प्रवासाचा कार्यक्रम कायम झाला.

कोल्हापूरहून निघालेली एस. टी. कागल मागे टाकून दूधगंगेच्या पुलावरून पुढे गेली की कोगनोळीचा टोलनाका लागतो आणि रस्त्यावरच्या पाट्यांची लिपी पालटते. दोन्ही अंगांना ऊस उभा असतो, आणि हंगामात त्या उसाने भरलेल्या ट्रॉल्या जो कारखाना बरा दर देईल त्याच्या दिशेने, कधी उत्तरेला तर कधी दक्षिणेला, रांगेने चाललेल्या दिसतात. मला मात्र तिथून जाताना ऊस दिसत नाही, कागद दिसतात.

"१ नोव्हेंबर १९५६," मी सुरुवात केली. "त्याच्या आदल्या दिवसापर्यंत बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे चारही जिल्हे मुंबई राज्यात होते. राज्यपुनर्रचनेच्या कायद्याने ते म्हैसूरकडे गेले. एक चंदगड तालुका तेवढा बेळगाव जिल्ह्यातून काढून आपल्याकडे ठेवला. म्हणजे जिल्हा फोडता येतो, हे त्या दिवशीही सरकारला ठाऊक होते. मग निपाणी, खानापूर, बेळगाव शहर यांनाच जिल्ह्याची दोरी का बांधली? आंध्र आणि मद्रास यांच्या तंट्यात पाटसकरांनी गाव हा घटक धरून, लगतपणा आणि भाषिक बहुसंख्या पाहून वाटणी सुचविली. तेच सूत्र आपण मागत आलो आहोत. ८१४ गावे आणि काही शहरे यांच्यावरचा आपला दावा हा भावनेचा नाही, मोजणीचा आहे."

हे सर्व मी अनेक वर्षे अनेक ठिकाणी बोललो असल्यामुळे माझ्या तोंडून ते सरळ, न अडखळता आले. तिने उत्तर दिले नाही. निपाणीत बस थांबली, तंबाखूचा उग्र गोडसर वास खिडकीतून आत आला आणि गेला, पुढे घाट लागला तेव्हा तिने एकदम विचारले, "हेच ना ते तवंदी? इंदिराबाई संतांचे बालपण जिथे गेले ते?"

"हेच," मी उत्साहाने म्हणालो. "आणि हयातीचा बहुतेक काळ त्यांनी बेळगावात काढला. 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ' ही मराठी कवितेची श्रीमंती बेळगावच्या एका घरात बसून लिहिली गेली. आणखी पुरावा कशाला पाहिजे?"

"मला पुरावा नको होता. मला 'सहवास' आठवला. त्यांचा आणि त्यांच्या यजमानांचा दोघांचा मिळून एकच संग्रह. पुढे काही वर्षांनी ते गेले. पुढची चोपन्न वर्षे बाईंनी एकटीने काढली." मग किंचित थांबून, "आपल्याला चाळीस वर्षे मिळाली, आणि त्यांतली निम्मी तुम्ही सीमाप्रश्नावर बोलण्यात घालविली."

यावर घाट उतरेपर्यंत मी बोललो नाही.

बेळगावच्या किल्ल्यातली तेराव्या शतकाच्या प्रारंभीची कमल बसदी आणि असदखानाची साफा मशीद आम्ही पाहिली. दोन्ही वास्तू पाहण्याजोग्या आहेत, विशेषतः बसदीच्या छताला उलटे टांगलेले ते काळ्या दगडाचे कमळ. परंतु प्राचीन अवशेषांचे वर्णन हा या लेखाचा विषय नव्हे, आणि खरे सांगायचे तर आमचे दोघांचेही लक्ष बाजाराकडे होते. खडेबाजारातून चालताना मी पाट्या वाचीत होतो. कर्नाटकाच्या कायद्यातील २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीचा साठ टक्के भाग कानडीने व्यापलेला असावा लागतो. त्यामुळे वर ठळक कानडी, खाली इंग्रजी, आणि कुठे जागा उरली असेल तर कोपऱ्यात अंग चोरून बसलेली मराठी, असा एक क्रम सर्वत्र दिसत होता. पाटीच्या आत शिरले की मात्र मामला निराळा. शहापुरात लुगड्यांच्या एका जुन्या दुकानात गादीवर बसलेल्या म्हाताऱ्या दुकानदाराने हिच्याशी पहिले वाक्य मराठीत बोलून, हिच्या उत्तरातला धारवाडी हेल ओळखून, दुसरे वाक्य कानडीत सुरू केले. माझ्याकडे वळून 'बसा की साहेब, उभे का?' म्हटले, आणि वरच्या फळीवरचा गठ्ठा काढणाऱ्या पोऱ्याला दखनी हिंदीत शिवी हासडली. लुगड्याचा पदर मांडीवर पसरून, बोटाने काठाची वीण चाचपून दाखवीत, तो किमतीत एक रुपयाही कमी करीत नव्हता. पावती छापील होती ती कानडीत. आकडे त्याने पेनाने घातले ते देवनागरीत, आणि बेरीज तोंडाने केली ती मराठीत.

कुंदा घेतला तो एका लहानशा दुकानात, जिथे परातीतला तो तांबूस, रवाळ, दूध आटवून आटवून जवळजवळ करपण्याच्या सीमेपर्यंत नेलेला गोळा लाकडी उलथन्याने खरवडून देत होते. मांडे मिळाले नाहीत; ते लग्नसराईत मिळतात.

ते पुडके हातात घेऊन आम्ही टिळकवाडीत गेलो. १९२४ च्या डिसेंबरात महात्माजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले, त्यांनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन, ते याच भागात. त्या वेळी पाण्यासाठी खोदलेली विहीर अद्याप आहे. तिथे बाकावर बसल्यावर तिने सकाळच्या माझ्या व्याख्यानाला उत्तर दिले. हिची ही सवय जुनी आहे. वादाचे उत्तर ती शिळे करून देते.

"तुमची हद्द ५६ सालची. माझ्या आजीच्या काळची हद्द आत्ता आपण जिथे लुगडे घेतले तिथे होती. शहापूर सांगलीकरांचे, बेळगाव इंग्रजांचे. बेळगावची बाई शहापुरात लुगडे आणायला गेली की ती परमुलखात जाऊन येई. आणि तुमचे कोल्हापूर? १९४९ च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झाले तेव्हा कुठे ते मुंबई राज्यात आले. म्हणजे कोल्हापूर आणि बेळगाव एका राज्यात नांदली ती अवघी साडेसात वर्षे. तुमच्या आजोबांना निपाणी हा परका मुलूख होता. मग ५६ साली तुम्ही गमावले ते काय?"

मुद्दा वरवर बिनतोड दिसतो, आणि सभेत कुणी तो काढला असता तर टाळ्या पडल्या असत्या. परंतु त्यात एक फट आहे.

"संस्थानी हद्द रयतेकडून जकात मागत होती," मी म्हणालो, "बोली मागत नव्हती. सांगलीकरांच्या नाकेदाराने शहापुरात शिरणाऱ्याचे गाठोडे तपासले असेल. तू घरात काय बोलतोस, असे त्याने कुणाला विचारले नाही. राजा कुणाचा आणि भाषा कुठली यांची सांगड घालण्याची कुणाला गरजच नव्हती. पटवर्धन मराठी, त्यांची रयत कानडी, आणि दोघांचेही चालले होते. ५६ सालची हद्द मात्र भाषेच्या नावाने ओढली, लोकांचे राज्य म्हणून ओढली, आणि या शहरातल्या ज्या लोकांच्या नावाने ओढली त्यांना विचारले नाही. १९५१ च्या खानेसुमारीत या शहरात मराठी बोलणारे अधिक होते. त्यांचा नातू आज घरपट्टीचा उतारा मागायला जातो तेव्हा तो त्याला त्याच्या भाषेत मिळत नाही. जकात असती तर भरून मोकळा झाला असता. घरातली भाषा कुठल्या नाक्यावर भरायची?"

ती बराच वेळ विहिरीच्या कठड्याकडे पाहत होती.

"उतारा मिळायला पाहिजे," ती म्हणाली. "त्याबद्दल तुमच्याशी माझा वाद नाही. पण त्यासाठी गाव हलवावे लागत नाही हो. कारकून हलवावा लागतो."

"कारकून हलविण्याचे आश्वासन १९५६ सालीच दिले आहे. ज्या भागात अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण पंधरा-वीस टक्के असेल तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही काढावेत, असे केंद्राचे लेखी निवेदन आहे. घटनेत ३५०-ब कलम घालून त्यासाठी एक अधिकारीही नेमला आहे. तो अहवाल देतो."

"मग अहवालाचे काय होते?"

"अहवालाचे जे होते तेच."

या ठिकाणी आम्हा दोघांचे एकमत झाले असे एखाद्या भाबड्या वाचकाला वाटेल. तसे झाले नाही. माझे म्हणणे असे की, कारकून हलत नाही म्हणूनच गाव हलविण्याची मागणी उभी राहते. तिचे म्हणणे असे की, गाव हलविण्याची मागणी उभी आहे म्हणूनच कारकून हट्टाने हलत नाही. दोन्ही विधानांना आधार आहे, आणि कुणाचे आधी खरे ठरले हे सांगणारा दप्तरदार अजून जन्मला नाही.

दुसऱ्या दिवशी धारवाडच्या वाटेवर, शहर सोडता सोडता, महामार्गाच्या कडेला कर्नाटकाच्या विधिमंडळाचे सुवर्ण विधानसौध दिसले. महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला २००४ मध्ये, आणि ही भव्य वास्तू उद्घाटित झाली २०१२ मध्ये. दोन सालांचा क्रम लक्षात घेतला की दगडांचा हेतू कळतो. मी काही बोलणार होतो, पण सौभाग्यवतींनी त्या क्षणी कुंद्याचे पुडके पुढे केले. कित्तूरपाशी चेन्नम्मा राणीला आम्ही बसमधूनच नमस्कार केला.

धारवाडात मेहुणे मालमड्डीत राहतात. 'भावोजी, आधी जेवण, मग महाराष्ट्र' असे त्यांनी दारातच बजावले, कारण माझी ख्याती तिथे पूर्वीपासून आहे. ज्वारीची पातळ भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, वर कवडीचे दही. मी जेवलो आणि गप्प राहिलो; पण संध्याकाळी कर्नाटक कॉलेजच्या इमारतीसमोर उभे राहिल्यावर माझा संयम सुटला. ही देखणी दगडी इमारत मुळात कॉलेजसाठी बांधलेली नाही. १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेची ती मुख्य कचेरी.

"बघ," मी म्हणालो, "इंग्रजाला आपल्याशी काही नाते नव्हते, लोभ नव्हता. धारवाडात बसून त्याने आगगाडीला नाव दिले ते दक्षिणेतल्या मराठ्यांच्या मुलखाचे."

"बघते आहे," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला प्रथमच तिखट आले. "याच इमारतीपुढून मी कॉलेजात येत-जात होते. इंग्रजाने पेशव्यांकडून मुलूख घेतला, म्हणून पेशव्यांच्या दप्तरातले नाव त्याने उचलले. इथल्या शेतकऱ्याला विचारून नाही. तुमच्या बेळगावच्या नातवाला आज जे वाटते ना, ते या गावातल्या कानडी माणसाला शंभर वर्षे आधी वाटून गेले आहे. कचेरीत मोडी, शाळेत मराठी, कारकून मराठी, अर्ज मराठी. कानडी बोलायची ती शेतात आणि चुलीपुढे. डेप्युटी चेन्नबसप्पांनी शिक्षणखात्याची चाकरी करता करता कानडी शाळा उभ्या केल्या, तेव्हा कुठे मुले आपल्या भाषेत अक्षरे गिरवू लागली. १८९० मध्ये विद्यावर्धक संघ निघाला तो हौसेने नाही. आलूर वेंकटराव पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकले, टिळकांना त्यांनी गुरू मानले, गीतारहस्य कानडीत नेले. आणि त्याच माणसाने १९१७ मध्ये कर्नाटकाच्या गतवैभवाचा ग्रंथ लिहिला, कारण आपल्या लोकांना आपली ओळखच उरली नाही असे त्यांना वाटत होते. काल तुम्ही मला ज्या विहिरीपाशी बसविलेत, तिथल्या त्याच अधिवेशनाच्या वेळी कर्नाटक एकीकरणाची पहिली परिषद भरली होती. हे तुमच्या टिपणात नसते."

"पण ती मराठी कुणी सूड म्हणून लादली नव्हती. राज्याबरोबर आली, कारभाराच्या सोयीने राहिली."

"लादणाऱ्याला ती नेहमी सोयच वाटते."

हे उत्तर मला लागले, हे नमूद करायला हरकत नाही; आणि ते लागले याचे कारण ते चाळीस वर्षांनी आले. आमच्या घरात ही मराठी बोलते, माझी आई हिला 'धारवाडची' म्हणत असे, आणि भावाशी फोनवर ही कानडीत बोलू लागली की आम्ही सर्व जण हसत असू. त्या हसण्याचा हिशेब कुठे लिहिला जात असेल, असे मला कधी वाटले नव्हते. तरीही न्यायाच्या प्रश्नात मी माझी जागा सोडू शकत नाही, आणि ते मी तिला तिथेच सांगितले: महसुली हिशेबात एका खात्याची थकबाकी दुसऱ्या खात्याच्या वसुलीतून वळती करता येत नाही. एकोणिसाव्या शतकात धारवाडच्या कानडी मुलावर अन्याय झाला असेल, झालाच. तो विसाव्या शतकातल्या निपाणीच्या मराठी मुलाकडून वसूल करण्याची सनद कुणाला मिळालेली नाही.

"मी वसूल करा म्हणत नाही," ती म्हणाली. "मी म्हणते, दोन्ही खाती एकदा एकाच माणसाने वाचावीत."

साधनकेरीला आम्ही पायी गेलो. तळे, त्याच्या काठची झाडे, आणि द. रा. बेंद्रे यांचे घर. घरी मराठी बोलणाऱ्या कुटुंबात जन्मलेला हा मनुष्य कानडीचा महाकवी झाला, १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्याला 'नाकु तंती'साठी मिळाला, बारा वर्षे त्याने सोलापुरात कॉलेजात शिकविले, आणि अधूनमधून मराठीतही लिहिले. त्याच गावात जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवीत होते आणि महाराष्ट्रातल्या सभासंमेलनांना दुरून नमस्कार करीत मराठी कथा लिहीत होते. 'काजळमाया'ला मिळालेले अकादमीचे पारितोषिक प्रकाशनाच्या तारखेचा वाद निघताच त्यांनी परत केले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. सौभाग्यवतींचा मुद्दा मी ओळखला आणि तो मांडण्यापूर्वीच उत्तर देऊन टाकले.

"बेंद्रे आणि जी. ए. यांच्यावरून कायदा करता येत नाही. प्रतिभावंताला दोन भाषा पेलतात, चारही पेलतील. उतारा मागणाऱ्या शेतकऱ्याला एकच येते, आणि राज्ये त्याच्यासाठी असतात."

"हे खरे," ती म्हणाली. इतक्या सहज कबुलीची मला सवय नसल्यामुळे मी सावध झालो. पण पुढे काही आले नाही. लाइन बाजारात पेढ्यांच्या दुकानापुढे रांग होती आणि तिला रांगेत लवकर उभे राहायचे होते. हा पेढा तरी कानडी म्हणावा, तर तोही नाही. उत्तरेतून उन्नावकडून आलेल्या ठाकूर कुटुंबाने तो इथे रुजविला. खवा तांबूस होईपर्यंत परतलेला, वरून पिठीसाखरेत घोळलेला. हातात घेतला की बोटांना साखर राहते आणि ती कुठे पुसावी हा प्रश्न पडतो.

धारवाडहून हुबळी वीस-बावीस किलोमीटर. १९६२ साली दोहोंची महापालिका एक झाली, दोहोंच्या मधून बससाठी राखून ठेवलेला वेगळा रस्ता, आणि तरीही धारवाडकरांची वेगळ्या महापालिकेची मागणी जुनी आहे. हुबळी व्यापारात पैसा मिळविते आणि धारवाडला हिशेब देत नाही, असे मेहुण्यांचे मत. हुबळीत गंगूबाई हनगल यांचे घर पाहिले, भिंतीवरची छायाचित्रे पाहिली. लहानपणी बेळगावच्या त्या अधिवेशनात त्या गायल्या होत्या. पुढे गाणे शिकण्यासाठी त्या हुबळीहून कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे आगगाडीने जाऊन-येऊन करीत.

"कुंदगोळ तेव्हा जमखंडी संस्थानात होते," सौभाग्यवती म्हणाल्या. "म्हणजे गंगूबाई रोज इंग्रजी मुलखातून संस्थानात जात आणि रात्री परत येत. तुम्हीच बेळगावात सांगितलेत, त्या हद्दीने त्यांना भाषा विचारली नाही. सवाई गंधर्व कानडी मुलखातले, उमेद गेली मराठी नाटकांत, गुरू मिरजेचे अब्दुल करीमखाँ. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत पहिले नाटक केले, तेही कर्नाटकातून आलेल्या भागवतांचा खेळ पाहून. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे. त्यांचे गाणे कुणाचे?"

"आमच्या कोल्हापूरचे," मी अभिमानाने म्हणालो. "अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते. त्यांच्या मुलांनी, मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांनी मन्सूरांना शिकविले."

"गाणे तुमचे, गळा आमचा. आणि यासाठी कुठल्या आयोगाची गरज पडली नाही."

आयोगाचे नाव निघाले की माझ्यासमोर कागद पसरतात. रात्री मिरजेची गाडी धरण्यासाठी आम्ही हुबळी स्थानकावर बसलो होतो. जवळजवळ दीड किलोमीटर लांबीचा, जगातला सर्वांत लांब म्हणून नोंदलेला हा फलाट. आमचा डबा कुठे येणार हे विचारण्यासाठी मी बराच चाललो होतो आणि धाप लागली होती. तरीही मी महाजन आयोगाचा विषय सोडला नाही. निवृत्त सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन, नेमणूक ऑक्टोबर १९६६, अहवाल ऑगस्ट १९६७. निपाणी आणि खानापूर धरून २६४ गावे महाराष्ट्राला, जत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या भागांतली २४७ गावे म्हैसूरला, आणि बेळगाव जिथे आहे तिथेच.

"आयोग आपणच मागितला होता ना?" तिने विचारले. "सेनापती बापटांनी त्यासाठी उपोषण केले. मग निकाल का मानला नाही?"

"पंच नेमला म्हणजे निकष कसेही लावण्याची मुभा दिली असे होत नाही. गाव हा घटक एका ठिकाणी धरायचा आणि बेळगावशी आला की सोडायचा, हा न्याय नव्हे."

"आणि अक्कलकोट दिले असते?"

"अक्कलकोट? स्वामींचे अक्कलकोट?"

"तिथेही कानडी बोलतातच की घराघरांत. त्यांना कुणी विचारले?"

"अगं, अक्कलकोट कसे देता येईल?"

ती काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे पाहत राहिली. स्वतःच्या वाक्याचा आवाज मलाही ऐकू आला होता. पण निकषांचा मुद्दा त्याने खोटा पडत नाही, आणि मी तो पुन्हा मांडला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुमच्या खात्यात वहिवाटीलाही हक्क मिळतो ना? बारा वर्षे दुसऱ्याने जमीन कसली की?"

"वहिवाट विनातक्रार असावी लागते. आम्ही ५६ सालापासून तक्रार करीत आहोत. एकही वर्ष खाडा नाही. म्हणून तर दावा जिवंत आहे."

"म्हणजे तुमची तक्रार हीच तुमची वहिवाट."

"तसे म्हण हवे तर."

ती हसली. गाडीला उशीर असल्याचे आधी कानडीत, मग हिंदीत आणि मग इंग्रजीत पुकारले गेले. तिसऱ्यांदा ऐकेपर्यंत तिने पेढ्यांची पेटी उघडली होती.

"पुढच्या वर्षी विजापूरला जाऊ," ती म्हणाली.

"विजापूर शहरावर आपला दावा नाही."

"माहीत आहे. पण तुम्ही बोलल्याशिवाय राहायचे नाही. तिथे गोलघुमटात उभे राहून काय बोलायचे ते बोला. घुमट तेच पुन्हा पुन्हा तुम्हाला ऐकवील, आणि मला तेवढी विश्रांती मिळेल."